तिकडची लेन्स

बाबांशी बिनसल्यापासून परदेशातल्या दादाला घरी यायला निमित्तच उरले नव्हते. म्हणून मी त्याला फोनवर म्हणालो, "कॅमेऱ्याची लेन्स तिकडच्या दुकानांत फार स्वस्त मिळते म्हणे. कुरिअरचा काही भरवसा नाही रे, तूच घेऊन ये."

आणि तो खरोखरच आला. टेबलावर खोके ठेवत म्हणाला, "घे छोट्या, इथल्यापेक्षा निम्म्या किमतीत मिळाली!"

खोक्याच्या तळाशी आमच्याच गल्लीतल्या दुकानाचे लेबल होते. बाबांनी चष्मा लावून ते वाचले, नखाने सावकाश खरवडून काढले आणि खिशात टाकले.



"तिकडे बरीच स्वस्ताई दिसते," दादाकडे न बघता ते मला म्हणाले, "पुढच्या वर्षी फ्लॅशपण यालाच आणायला सांग."