फाटकाचा घोळ

फाटकाला नवंकोरं कुलूप होतं. ओटिली धावत येऊन त्यावर जवळजवळ आदळलीच. आठ वर्षं दर रविवारी पहाटे ती याच फाटकातून एरोंगोच्या डोंगरात शिरत आली होती, आणि कुलूप आज पहिल्यांदा बघत होती. खांबाला टेकून म्हातारे गॉटलीब बसले होते. कुरण त्यांचं, पवनचक्की त्यांची, डोंगरावर चढणारी पायवाटही त्यांचीच.

"काय आजोबा, आज इतक्या सकाळी?" तिनं धापा टाकत विचारलं.

म्हाताऱ्यानं काठी उचलून कुंपणाकडे दाखवली.

तारेला खेटून मेंढ्या मरून पडल्या होत्या. अकरा होत्या. दोघींनी तर माना तारेतून पलीकडे घातल्या होत्या आणि त्या तशाच वाळल्या होत्या. पलीकडे, चाळीसएक पावलांवर, पवनचक्की कुरकुरत फिरत होती. तिच्या पायाशी हौद काठोकाठ भरला होता.

"अलीकडचा हौद आटला, म्हणून फाटक उघडं ठेवून गेलो होतो," म्हातारा म्हणाला. "बहिणीच्या मातीला. शुक्रवारी परत येतो तर फाटक बंद."

"मी नाही बंद केलं, आजोबा. गेल्या रविवारी उघडं दिसलं, उघडंच ठेवून पुढे गेले."

"काल तुझ्याबरोबर धावणाऱ्या हिस्कियाला फोन केला मी. विचारलं, रविवारी फाटकाचा घोळ कोणी केला रे? म्हणाला, ओटिलीकडून झाला असेल, आजोबा, पदरात घ्या तिची चूक." म्हातारा थुंकला. "तुमच्याकडे नळ फिरवला की पाणी. तुला काय कळणार, पोरी! आता या वाटेला फिरकायचं नाही."

ओटिलीच्या पायाखालची वाळू सरकली. समुद्रकाठचं स्वाकोपमुंड शहर सोडून ती उसाकोसला औषधाच्या दुकानात कामाला आली होती. आठवड्याचे सहा दिवस ती गोळ्या मोजायची आणि गावाची दुखणी ऐकायची. रविवारचे हे तीन तास तेवढे तिचे होते. गुलाबी खडकांवरून उड्या मारत वर जायचं. माथ्यावर पोचलं की दूरवर स्पिट्झकोपेचं टोक दिसायचं आणि तिला उगाचच हसू यायचं. शर्यत तिनं कधी जिंकली नव्हती, जिंकायचीही नव्हती. पण हे गेलं तर तिच्याकडे राहणार होतं काय? शिवाय दुपारची प्रार्थना संपेपर्यंत गावभर झालं असतं, की त्या औषधवालीनं गॉटलीबच्या मेंढ्या मारल्या.

आणि हे सांगितलं कोणी, तर हिस्कियानं! फाटकाचा नियम तिला पहिल्या दिवशी शिकवला होता तो त्यानंच. जसं सापडेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. आता शाळेत गणित शिकवत असला तरी पोरगा शेळ्यांत वाढलेला. अजूनही आईच्या शेळ्या चरायला सोडून मग तो धावायला निघायचा, म्हणून तिच्यामागून दहा मिनिटांनी यायचा आणि माथ्यावर तिला गाठायचा. उतरायचे ते दोघं डोंगराच्या दुसऱ्या अंगानं. म्हणजे गेल्या रविवारी तिच्यानंतर या फाटकातून गेला तो एकटा हिस्किया. एरवी आठवडाभर इथे कोणी फिरकत नसे, तेव्हा दुसरं कोणी असणं शक्यच नव्हतं. केसानं गळा कापला होता त्यानं. वर 'पदरात घ्या' म्हणे!

तेवढ्यात तो वळणावर दिसला. लांबूनच ओरडला, "काय गं, आज चक्क माझ्यासाठी थांबलीस? की गुडघे बोलायला लागले म्हातारीचे?"

तो हसत हसत जवळ आला. मग त्याची नजर कुंपणाकडे गेली आणि हसू तोंडावरच विरलं.

"फाटक तू बंद केलंस?" ओटिलीनं विचारलं.

"हो. तू उघडं टाकून गेली होतीस ना."

"मी टाकलं नव्हतं. आजोबांनीच ठेवलं होतं उघडं. मेंढ्यांच्या पाण्यासाठी."

हिस्कियानं हौदाकडे पाहिलं. मग मेंढ्यांकडे. गणिताचा मास्तर, पण एवढा हिशेब त्याला फार जड गेला. "मला वाटलं, तू विसरलीस," तो कसाबसा म्हणाला. "तुला बोल लागू नये म्हणून गुपचूप लावून घेतलं. फोन आला तेव्हाही वाटलं, आजोबा उघड्या फाटकाबद्दलच विचारतायत. म्हणून तर तुझ्यासाठी रदबदली केली गं."

म्हातारा गुडघ्यांवर हात टेकत उठला. त्यानं खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि फाटक ढकललं. हिस्कियाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"जा पोरी," तो ओटिलीला म्हणाला. "तुला वाट मोकळी आहे."

ती जागची हलली नाही. वाट परत मिळाली होती, नावही धुऊन निघालं होतं, तरी तिला जावंसं वाटेना. तो घाबरून खोटं बोलला असता तर तिनं दोन शिव्या घालून विषय संपवला असता. पण हा तर खरं बोलत होता.

"हिस्किया, आठ वर्षांत मी एकदा तरी फाटक उघडं टाकलं होतं का रे?"

"नाही."

"मग?"

"मी दर रविवारी बघत होतो," तो खाली मान घालून म्हणाला. "म्हटलं, शहरातली आहे, ही कधी ना कधी टाकणारच."