छपरावरचा होकार

"विमान आज जात नाही. उद्या संध्याकाळी," असं सहलवाल्यांच्या माणसाने सांगितलं आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात सगळ्यांची तोंडं उतरली. मास्तरीणबाईंनी मात्र पर्स मांडीवर घट्ट धरली. म्हणजे नकार आणखी एक दिवस पोटातच ठेवायचा.

नकार बूटवालीला. हे नाव बाईंनीच मनातल्या मनात ठेवलेलं. मुलाने आईला सहलीला धाडलं होतं ते या एका शहरासाठी. त्याच्याबरोबर कॉलेजात शिकलेली ती मुलगी इथे नोकरीला होती. "लग्न करीन तर तिच्याशीच. तू एकदा भेट तिला, आई. तू भेटलीस की सगळं जुळेल," असं तो म्हणाला होता. मुलगा पस्तिशीला टेकलेला, आलेलं प्रत्येक स्थळ माघारी धाडणारा. घरात सून येणार की नाही, ते या भेटीवर येऊन ठेपलं होतं.

आणि परवा ती भेटायला आली ती जाडजूड काळ्या बुटांत, बोटांना ग्रीस माखून. उभ्याउभ्या चहा प्यायली, "प्रवास बरा झाला ना, काकू?" म्हणाली आणि गेली. होणारी सासू समोर बसलेली, आणि हिच्या चेहऱ्यावर धाकधूक म्हणून नाही! आयुष्यभर शिवणाचा क्लास चालवलेल्या बाईंना पहिल्या टाक्यात कपडा कळायचा. त्यांनी तिथेच ठरवलं होतं. नाही.

आता तेच बूट दारात उभे होते.

"चला, काकू. तुम्ही अडकलात म्हणून त्याचा फोन आला होता. मला थोडं काम आहे, ते करता करता शहर बघू."

"मी बसते गं इथेच. विणकाम आणलंय."

"विणकाम विमानात होईल. शहर विमानात कसं नेणार?"

बाई उठल्या. या पोरीला तोंड आहे म्हणायचं, असं पुटपुटत.

बाहेर शहर नुसतं उसळत होतं. रस्ते एका दमात कात्री चालवल्यासारखे सरळ. माणसं इतकी, की रिळावरून दोरा सुटावा तशी सुटत होती. पण कुणाचा कुणाला धक्का नाही. ट्राम घंटा वाजवत वळली तेव्हा बाई लहान मुलीसारख्या थांबून बघत राहिल्या. बूटवाली घाई न करता शेजारी उभी राहिली.

तिचं काम लिफ्ट तपासायचं. एका जुन्या इमारतीत तिने लिफ्ट बंद केली, टोपी चढवली, बाईंना सावकाश जिन्याने वर नेलं आणि छपराखालच्या यंत्राच्या खोलीत शिरून लिफ्टच्या तारेच्या दोरखंडावरून हळूच फडकं फिरवलं.

"पुसतेयस होय?"

"नाही हो. आतली एखादी तार तुटली असेल तर फडकं अडकतं."

"अगं, रेशमाचा दोष मी अशीच शोधते, बोट फिरवून!"

फडकं अडकलं. पुन्हा थोडं पुढे अडकलं. इमारतीचा व्यवस्थापक धावत आला. आधी हसून बोलला, मग हात जोडले, मग आवाज चढवला. बूटवालीने सगळं शांतपणे ऐकलं, एकच शब्द बोलली आणि लिफ्टला कुलूप घातलं. बाईंना ती भाषा कळत नव्हती, पण तो शब्द कळला. अशी ताठ मान घरात असेल, तर घर कशाला वाकेल?

दुपारी दोघी शहरातल्या सर्वात उंच इमारतीपाशी आल्या. बाई जन्मात लिफ्टमध्ये चढल्या नव्हत्या. हॉटेलातसुद्धा त्यांच्या जिन्यावरच्या धापांसाठी सगळी सहल खोळंबायची.

"ही मी पास केलेली आहे. येता?"

बाईंनी डोळे मिटले, तिचा हात धरला आणि आत पाऊल टाकलं.

डोळे उघडले ते छपरावर. खाली नदी, नदीवर पूल, पुलावर माणसं, माणसांमागे घरं, घरांमागे डोंगर, डोंगरामागे निळं निळं काही, ज्याला काठच नव्हता. देवाने मोकळ्या हाताने उलगडून टाकलेला तागा. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वारा लागतो इथे," बूटवाली म्हणाली आणि आपलं जाकीट त्यांच्या खांद्यावर घातलं.

"माझा मुलगा इथे रमेल का गं?"

"तो? तो कुठेही रमेल. गोड आहे हो तो." आणि तिने पिशवीतून सफरचंद काढून कापायला घेतलं. लाजली असेल, असं बाईंनी धरलं.

"सकाळी त्या माणसाला काय नाही म्हणालीस! ऐकत राहावंसं वाटलं."

"बरं नाही वाटत, काकू, म्हणताना. समोरचा चांगला असला की आणखीच जड जातं. पण म्हटलं की मग फिरायचं नाही."

बाईंनी तिच्याकडे डोळे भरून पाहिलं. मग आपल्या बोटातली अंगठी ओढून काढली आणि त्या ग्रीसच्या तळहातावर ठेवली.

"मी तुला नापास करून बसले होते, पोरी. विमान गेलं असतं तर घरी जाऊन तसंच सांगितलं असतं. कसला करंटेपणा झाला असता माझ्या हातून! आज छातीवर हात ठेवून सांगते, माझा होकार आहे. आता तू माझी."

बूटवाली अंगठीकडे बघत राहिली. वाऱ्याने तिचे केस डोळ्यांवर आले, ते तिने मागे सारले नाहीत. मग ती बाईंच्या पायाशी बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि फार हळू, फार मायेने अंगठी पुन्हा त्यांच्या बोटात चढवली.

"काकू, त्याने तुम्हाला सांगितलंच नाही? मी त्याला दोन वर्षांपूर्वीच नाही म्हटलंय."