औषधाशिवाय चोवीस तास

पाळणाघर चालवणाऱ्या विभादीदीने फाटकाशीच थर्मामीटर सृष्टीच्या कपाळासमोर धरला आणि मंजिरी आकड्याकडे बघत राहिली. यंत्र टिंग करून वाजलं.

"अट्ठानबे पॉइंट चार. बढ़िया!" विभादीदी म्हणाली.

बढ़िया येणारच होतं. घरून निघताना मंजिरीने लेकीला तापाचं औषध पाजलं होतं. त्याआधी ताप एकशे एकच्या वर होता. दुपारी बारापर्यंत औषध निभावून नेईल, तोवर ऑफिसातली दिल्लीच्या साहेबांची तपासणी उरकेल, मग धावत येऊन पोरीला घेऊन जाऊ, असा तिचा बेत. नवरा समीर रेल्वेत इंजिनिअर, तो चार दिवस गोंड्याला लाइनवर. सासर-माहेर दोन्ही नागपूरला. बदलीच्या या परक्या शहरात, जानकीपुरममध्ये, हाक मारावी असं कोण होतं?

पाळणाघराच्या फाटकावर नवी पाटी होती. ताप आलेलं मूल औषधाशिवाय चोवीस तास बरं राहिलं, तरच आणा. मागच्या गल्लीत दोन मुलांना गोवर निघाल्यापासून ती लावली होती. मंजिरीने तिकडे बघायचं टाळलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे काय तिला कळत नव्हतं? बदलीच्या गडबडीत सृष्टीच्या गोवराच्या लसीचा दुसरा डोस राहून गेला होता, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

"मम्मा, अर्णव आ गया!" सृष्टी ओरडली.

रांगेत मागेच अर्णवची आई दीप्ती होती, बँकेत नोकरी करणारी. तिच्या खांद्यावर सात महिन्यांचा अर्णव झोपला होता. सृष्टीने टाचा उंचावून त्याचा लोंबणारा पाय पकडला. त्याच्या तळपायाची पापी घेतल्याशिवाय आत जायचं नाही, हा तिचा रोजचा शिरस्ता.

"छोटू को तो टीका नौवें महीने में लगेगा," त्याच्या गोवराच्या लसीबद्दल विभादीदी हसून म्हणाली. "तब तक हम ही लोग इसका टीका हैं."

मंजिरीने सृष्टीला खसकन मागे ओढलं. पोर भोकाड पसरून रडायला लागली. डोक्यावरची टोपी सरकली, तेव्हा कानामागे तीन-चार लाल ठिपके दिसले. डास चावले असतील. पण गोवर कानामागूनच सुरू होतो, असं आई सांगायची. मंजिरी इतकी घाबरली की दिल्लीचे साहेब आणि त्यांची तपासणी डोक्यातून पार पुसली गेली.

"दीदी, सुनिए. सृष्टी को सुबह बुखार था. मैं दवा पिलाकर लाई हूँ."

विभादीदीचा हात खाली आला. रांग मागे सरकली. "हद है, यार," कुणीतरी म्हणालं. एका आजोबांनी नातवाच्या नाकाला रुमाल लावला.

लाजेने मंजिरीचे कान तापले. तरी अर्णव आज सृष्टीच्या शेजारी झोपणार नाही, एवढ्यानेच तिला सुटल्यासारखं वाटलं. लेकीला कडेवर घेऊन ती वळली. सगळे तिला वाट देत बाजूला झाले. दीप्ती तेवढी जागची हलली नव्हती. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"सॉरी, दीप्ती," मंजिरी म्हणाली.

दीप्तीने अर्णवला घट्ट धरलं आणि विभादीदीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं,

"आपने कितने बजे पिलाई थी?"

"सवा सात."

"हमने साढ़े सात बजे," दीप्ती म्हणाली. "कल भी पिलाई थी."