एकशे बाराव्या जनुकाचं काम

सोमवारी सकाळी संशोधिकेने उबदार कपाटाचं दार उघडलं. आतल्या दोन बाटल्यांपैकी एक गढूळ होती, दुसरी नितळ. जंतू वाढले की बाटली गढूळ होते. नितळ बाटलीत काहीच वाढलं नव्हतं.

गढूळ बाटलीतले जंतू मूळचे, जसेच्या तसे. नितळ बाटलीतल्यांचं एकशे बारावं जनुक तिने काढून टाकलेलं होतं. तीन वर्षं ती हेच करत होती. एक जनुक काढायचं, जंतूचं काही अडतं का बघायचं, आणि नाही अडलं तर यादीत त्याच्यासमोर लिहायचं, 'काम नाही'. एकशे बाराव्यावाचून आजवर कधीच अडलं नव्हतं. अशी एक्केचाळीस निरुद्योगी जनुकं जमली होती. त्यांच्यावर तिचा प्रबंध उभा होता आणि बुधवारी तो द्यायचा होता.

तिने सगळं तपासलं. तापमान ठीक, बाटल्या स्वच्छ. बदललं होतं ते एवढंच, की जंतूंचं खाद्य बनवणारे काका शुक्रवारी निवृत्त झाले होते. "कृती भिंतीवर चिकटवलेली आहे, आता कोणीही करेल," असं म्हणून संचालकांनी त्यांची जागाच रद्द केली होती. शनिवारी संशोधिकेने ते खाद्य स्वतः बनवलं. अगदी कागदाबरहुकूम.

तिने काकांना फोन लावला.

"शेवटी यीस्टची पूड घातलीस ना?" काकांनी विचारलं.

"कागदावर यीस्ट नाहीये, काका."

"कागदावर कुठून असणार? मी लागलो तेव्हा धड काही वाढायचंच नाही. तेव्हापासून चिमूटभर टाकतो. वरच्या फळीवर बरणी आहे बघ, लाल झाकणाची."

"पण कधी बोलला नाहीत!"

"कोणी विचारलंच नाही गं. सगळं छान वाढत होतं ना?"

तिला राग आला, पण तो काढावा कोणावर ते कळेना. एकशे बारावं जनुक जे पोषण घरच्या घरी बनवायचं, ते काका वरून आयतं वाढत होते. मग जनुक काढल्याने जंतूंचं अडणार तरी कसं? आणि उरलेल्या चाळिसांचं काय?

"ऐकतेस ना?" काका म्हणाले. "घाबरू नकोस. चिमूटभर टाक, बुधवारपर्यंत सगळं पहिल्यासारखं होईल. कोणाला कळतंय?"

बरणी खरंच तिथे होती. तळाला गेलेली, आत एक जुना चमचा. ती तिने हातात घेतली. मग झाकण घट्ट लावून तिने ती होती तिथे ठेवली.

शनिवारचं बिनयीस्टचं खाद्य बरंच उरलं होतं. तिने चाळीस बाटल्या मांडल्या, एकेक भरली, प्रत्येकीत एकेका जनुकावाचूनचे जंतू सोडले आणि कपाट लावून घेतलं. मग यादी पुढे ओढून एकशे बाराव्यासमोरचं 'काम नाही' खोडलं.

त्याच रकान्यात तिने लिहिलं, 'काका करायचे ते.'