भिंतीवरची तानाबाई

"ही माझी आई हाय. हितं कशी आली?" भिंतीवरच्या चित्राकडं बोट करून कृष्णातनं विचारलं.

सातवीचा वर्ग नुकताच सुटला होता. वर्षाराणीबाई फळा पुसत होत्या. राधानगरीच्या अलीकडच्या त्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. चित्र त्यांनीच लावलं होतं. पावसासाठी डोक्यावर इरलं घेऊन, चिखलात वाकून भाताची रोपं लावणारी एक बाई. इंटरनेटवर शोधता शोधता आपल्या भागासारखं चित्र सापडलं, म्हणून त्या हरखल्या होत्या. कोल्हापूरला जाऊन रंगीत प्रिंट काढून आणली होती. ही बाई खरंच या शिवारातली असेल, असं मात्र त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

आजी शाळेत भिंतीवर आहे, असं कृष्णातला त्याच्या मुलीनं सांगितलं होतं. तो रानातून तसाच आला होता, पायाला चिखल घेऊन. गावात त्या वर्षी नाही नाही ते बोललं जात होतं. आधी कुणीतरी येऊन रानाचे फोटो काढून नेतं, मग मोजणीवाले येतात, मग जमीन घेणार असल्याची नोटीस. त्याला वाटलं, आपल्याही रानाला सुरुवात झाली.

बाईंनी त्याला बाकावर बसायला सांगितलं. तो बसला नाही. फोटो बेल्जियमच्या एका पाहुण्यानं काढलाय, तो इकडं जंगल बघायला आला होता, त्यानं तो इंटरनेटवर ठेवला, असं त्यांनी सांगितलं. दिसलं चित्र की उचललं, असं करता येत नाही, ज्याचं त्याला विचारावं लागतं. म्हणून त्यांनी त्या माणसाला ईमेल केला होता. वर्गात लावायला त्यानं आनंदानं परवानगी दिली होती, आणि खाली त्याचं नावही लिहिलेलं होतं. बाकीचे शिक्षक हवं ते छापून आणत. आपण तसं केलं नाही याचा बाईंना जरा अभिमान होता. तो बोलण्यात उतरला.

कृष्णातनं खाली वाकून ते नाव वाचायचा प्रयत्न केला.

"फोटो माझ्या आईचा. रान आमचं. आन परवानगी ह्येची?"



आवाज ऐकून मुख्याध्यापक गणपतराव आले. भांडायला आलेल्या माणसाला काहीतरी हवं असतं, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी कृष्णातला खिडकीपाशी नेलं आणि हळू आवाजात विचारलं, तुमचं म्हणणं नेमकं काय आहे, काय केलं म्हणजे मिटेल.  कृष्णात म्हणाला, आई बाहेर बसली आहे, काय ते तिला विचारा.

तानाबाई व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. बाईंनी तिला हाताला धरून आत आणलं.

"मावशी, तुम्हाला न विचारता लावलाय. तुम्ही नको म्हणालात तर आत्ता काढते."

तानाबाई चित्राच्या अगदी जवळ गेली. स्वतःकडं तिनं बघितलंच नाही. डाव्या कडेला मनगटापासून पुढचा एक हात आला होता, पंजा वर केलेला. कुणीतरी रोपांची पेंडी मागत असेल, असं बाईंना वाटलं होतं. तानाबाई त्या हाताकडं बघत होती.

"ह्यो हात मालकांचा हाय. बाकीचं मालक कुठं हाईत?"

मालकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, जाऊन दोन पावसाळे झाले होते. घरात त्यांचा फोटो नव्हता. मतदानाच्या कार्डावर होता, पण तो कुणाचाही वाटावा असा.

 चित्र आडवं होतं, भिंतीवरच्या तक्त्यात बसेना, म्हणून एक बाजू कापली, असं बाईंनी सांगितलं. कापायचं त्या पाहुण्याला विचारलंही नव्हतं, हे त्या आपणहून बोलल्या. कृष्णातच्या कपाळावर पुन्हा आठी चढली. आणखी काय काय कापलंय, असं त्यानं विचारलं.

मूळ फोटो बघायला सगळे संगणकाच्या खोलीत गेले. बाईंनी तानाबाईला खुर्चीवर बसवलं. कृष्णात हाताची घडी घालून दारातच थांबला. फोनच्या तारेवरचं संथ इंटरनेट, चित्र वरून खाली पट्टीपट्टीनं उतरू लागलं. आधी नुसतं आभाळ. मग डोंगर. मग बांधावरची जांभळ, तशी तानाबाई खुर्चीत पुढं सरकली. मग मालकांचा पटका.

आणि मग मालक. तोंड पलीकडं फिरवलेलं, गालाचा थोडा भाग तेवढा दिसत होता. हात मात्र सरळ फोटो काढणाऱ्याकडं, पंजा उघडा. ते रोपं मागत नव्हते.

कृष्णात केव्हा दारातून आत आला, कुणाला कळलं नाही.

"आबा नको म्हणालेत," तो म्हणाला.

तानाबाईनं मान हलवली. त्यांचं तसंच असायचं, ती म्हणाली. कोण कुठला पावणा, फोटो कुठं नेऊन दाखवेल, काय म्हणून दाखवेल, आपल्याला कळतंय का, असं म्हणायचे. त्या दिवशी पाहुणा हसला होता. मालकही हसतायत असं त्याला वाटलं असेल.

बाईंनी माऊसवरचा हात काढून घेतला.

प्रकरण मिटावं म्हणून गणपतरावांनी सुचवलं, आजींना घरी लावायला याची मोठी प्रिंट काढून द्या. मालकांचा दुसरा फोटो नाही म्हणतात, निदान हा तरी राहील.  बाईंनी तानाबाईलाच विचारलं.

"काढू का, मावशी?"

तानाबाईनं पडद्यावरची नजर हलवली नाही.

"नको म्हणत्यात की त्ये."

असं म्हणाली, पण खुर्चीवरून उठली नाही.