तांबडीची झूल

तांबडीच्या झुलीला आतून पुन्हा रक्त लागलं होतं. केस झटकायला म्हणून धुणेवालीने ती दगडावर उलटी पसरली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डाग घोडीच्या कुशीवर पडणाऱ्या भागावर होता, मागच्या वेळेसारखाच. तबेल्यातल्या दुसऱ्या कुठल्याही घोड्याच्या झुलीला असला डाग नव्हता. आणि तांबडीची निगा राखणारा मोतद्दार म्हणजे धुणेवालीचा सख्खा जावई.

तबेल्यातल्या सगळ्या झुली ती एकटी धुवायची. तिने धुतलेली झूल वाळली की फळीसारखी उभी राहायची, आणि याचा तिला भारी अभिमान होता. तोंडावर सगळे तिला मावशी म्हणत आणि पाठ फिरली की तोफ. तोफेलाही ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं.

रक्ताचा डाग दिसला की ती सोड्याची आणखी एक मूठ टाकायची आणि जावयाच्या नावाने झूल आपटायची. एकदा तिने त्याला तोंडावर विचारलंही होतं. "अंग घासते ती," एवढंच पुटपुटून तो खाली मान घालून निघून गेला. खाली मान घालून कोण जातं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. जो मुक्या जनावरावर हात उचलतो, तो घरी बायकोला काय हार घालत असेल? लेक तर हल्ली धड बोलतही नव्हती. सुखात आहेस ना म्हटलं की हो म्हणायची आणि विषय बदलायची.

आज मात्र फार झालं होतं. झूल काखेत मारून ती तबेल्यामागच्या खोल्यांकडे निघाली. लेक दारात बादली भरत होती.

"पिशवी भर. घरी चल."

"आई, झालं काय?"

"मलाच विचारतेस? हे बघ. घोडीची ही गत, तर तुझी काय असेल? जावईबापूंचा हात फार सुटलाय. तुला घेतल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

लेकीने डाग पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. पिशवी भरायचं सोडून तिने दोरीवरची दुसरी झूल ओढली.

"ही तू काल धुतलीस ना?"

"मग? दिसत नाही का स्वच्छ आहे ती?"

लेकीने झुलीचं टोक बादलीत बुडवलं आणि पिळलं. पाण्यावर फेस आला. पुन्हा बुडवून पिळलं, तर आणखी दाट, पांढरा फेस आला.

"सोडा निघत नाही गं यातून. तू दोन पाण्यांतून विसळतेस, ते साड्यांना पुरतं. हे कापड बोटभर जाड आहे," ती म्हणाली. "बाकीच्या घोड्यांना चालून जातं. तांबडीची कातडी नाजूक आहे, तिची आग होते. मग ती मान वळवून स्वतःलाच चावते, रक्त येईपर्यंत. तू डाग बघतेस आणि सोडा वाढवतेस. तुझ्या मागे आम्ही दोघं झुली पुन्हा विसळून घेतो. एखादी राहते, तिचं असं होतं."

तोफ फेसाकडे बघत राहिली. तिला लाज वाटली, नाही असं नाही. पण इतका चढलेला राग जागच्या जागी थोडाच विरतो? जावयावरून उठला तो लेकीवर येऊन बसला. जावई तेवढ्यात खरारा करायचा ब्रश हातात घेऊन दाराशी आला होता, तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

"मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का तुझं? तिकडे ते जनावर सोसतंय, इकडे मी त्याला शिव्या घालतेय, आणि तुला जन्मदात्या आईला एक शब्द सांगता येत नव्हता?"

आपला हात वर गेलाय हे तिला लेकीकडे बघून कळलं. लेकीने डोळे घट्ट मिटून कोपर कानावर धरलं होतं. शाळेत जायच्या वयात धरायची, अगदी तसंच.

ब्रश खाली ठेवून जावई दोघींच्या मधे येऊन उभा राहिला.

"म्हणूनच नाही सांगितलं, आई," त्याच्या पाठीमागून लेक म्हणाली.