गालातलं गोंदण

सिस्टरने इंदुमतीच्या तोंडात टॉर्चचा उजेड पाडला आणि ती थांबली. "बाबूजी, ये नीला कब से है?"

दत्तात्रय खुर्चीवरून उठला. ऑपरेशनला दोन दिवस झाले होते. कॅन्सरची गाठ काढताना इंदुमतीचा गाल आतून काढावा लागला होता आणि तिथे तिच्याच हाताची कातडी, रक्तवाहिन्या जोडून, बसवली होती. ती गुलाबी राहिली पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दर दोन तासांनी रंग पाहायचा, तक्त्यावर लिहायचा. ही सिस्टर आज पहिल्यांदाच या वॉर्डात आली होती.

दत्तात्रयने वाकून पाहिलं. कडेला निळसर डाग होता. त्याला हायसं वाटलं.

"अरे, वो गोदना है, सिस्टर. हमारे गाँव में शादी से पहले लड़कियों के हाथ पर गोदते हैं. तुलसी." मग तो हसला. "इतने साल हाथ पे थी, अब मुँह में उग आयी."

सिस्टरही हसली. तिने तक्त्यावर 'टॅटू' असं लिहिलं. साडेदहा वाजले होते. इंदुमती औषधाच्या गुंगीत होती.

साडेबाराला सिस्टरने पुन्हा पाहिलं. डाग थोडा पसरल्यासारखा वाटला. पण तक्त्यावर आधीच लिहिलेलं होतं.

दीड वाजता गौरव आला, गुडगावच्या नव्या ऑफिसातून थेट, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा तसाच.

"बाबा, कलर कसा आहे?"

"एकदम ठीक. फक्त गोंदण दिसतंय."

"गोंदण म्हणजे?"

"टॅटू रे. आईच्या हातावर नाही का? त्याच हाताची कातडी घेतलीय."

"अच्छा. मी कधी नीट बघितलंच नाही, यार."

इंदुमतीचे डोळे उघडले. गळ्यात श्वासाची नळी होती, बोलता येत नव्हतं. डावा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होता. तिने चादरीखालून उजवा हात बाहेर काढला. सलाईनची नळी ताणली गेली.

"आई, सुई निघेल."

तिने ऐकलं नाही. हात उलटा केला आणि दत्तात्रयच्या डोळ्यांसमोर धरला. मनगटाच्या वर हिरवट तुळशीवृंदावन होतं, सगळंच्या सगळं.

"सिस्टर!" दत्तात्रय ओरडला.

डॉक्टर धावत आले. त्यांनी गालातल्या कातडीला सुई टोचली. काळं रक्त आलं.

"नस बंद हो गयी है. अभी ओटी में लो. ये चमड़ी बचेगी या नहीं, कह नहीं सकता. नहीं बची तो छाती से लेना पड़ेगा." त्यांनी तक्ता ओढून घेतला. "साढ़े दस से? तीन घंटे! ये टॅटू किसने लिखा?"

"मैंने, सर."

"बाएँ हाथ पे कोई टॅटू था ही नहीं. मैंने खुद काटा है. कल से इस वॉर्ड में मत आना."

सिस्टरने एकदा दत्तात्रयकडे पाहिलं, मग खाली. दत्तात्रयचे ओठ हलले. गौरव त्याच्याकडेच पाहत होता. दत्तात्रय वाकून इंदुमतीची चादर नीट करू लागला.

ट्रॉली आली. दोघा वॉर्डबॉयनी इंदुमतीला उचलून ट्रॉलीवर ठेवलं. ट्रॉली हलणार तेवढ्यात तिने कठड्यावर बोटं आपटली. सगळे थांबले. तिने उजवा हात उचलला आणि बोट दत्तात्रयकडे केलं. तिने तो खाली घेतला नाही.

"हाँ हाँ, माताजी," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले. "बाबूजी को भी ले चलते हैं. लिफ्ट तक."

दत्तात्रयने ट्रॉलीची दांडी धरली आणि तो चालू लागला.